विसाव्या जागेवरची गाणी

३ नोव्हेंबर, सोमवार

महिनाअखेरपर्यंत टिपण हवंय! नव्या साहेबांनी जिन्यातच गाठलं. मी दुसऱ्या मजल्यावर गुडघा धरून उभी, ते दोन-दोन पायऱ्या गाळत वर येत होते. "मॅडम, कुठल्या मोसमात कुठलं गाणं चालणार हे तुम्हाला आधीच कळतं म्हणे?" कळतं असं मी म्हणाले होते खरी. कुणाच्या तरी निरोपसमारंभात, केक खाता खाता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

तर ते सगळं आता कागदावर हवं. आमच्या रेडिओ केंद्रावरची, श्रोत्यांच्या मतांनी ठरणारी, एकतीस वर्षांची शनिवारची वीस गाणी – ऋतूंप्रमाणे लावून. वरच्या ऑफिसने एक यंत्र घेतलंय, ते अकरा केंद्रांची गाणी निवडणार. त्याला शिकवायला माझं टिपण. खाली माझी सही, की हा कल श्रोत्यांचा आहे, श्रोत्यांच्या मतांतूनच दिसलेला. टिपण पटलं तर शनिवारचा कार्यक्रम चालू राहील. नाहीतर नवीन वर्षापासून बंद.

हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी "थँक यू" म्हटलं. कॉन्व्हेंटची खोड. सिस्टरकडून पट्टी खाल्ल्यावरही थँक यू म्हणायचं असे.

५ नोव्हेंबर, बुधवार

बुटांची खोकी खाली काढली. एकोणीस. ऑफिसच्या कपाटाला वाळवी लागली तेव्हापासून ती घरीच आहेत. प्रत्येक गाण्याचं एक कार्ड – कधी आलं, किती वर चढलं, कधी गेलं. शिवाय दर शनिवारचा मोजणीचा कागद. समास आखलेला, अक्षर एकसारखं. वाचायला कुणी नसलं तरी समास आखायचाच!

वन्सं भाजी चिरता चिरता बघत होत्या. "घरात माणसं दोन आणि खोकी एकोणीस. मी गेले की माझी खोलीही गाण्यांनाच दे."

"तुम्ही कुठे जाताय एवढ्यात?"

"नाही गं, खोकी बघून विचार आला."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सत्तरी उलटली. हे गेल्यापासून आम्ही दोघीच. बावीस वर्षं एका छपराखाली, आणि ह्यांचा विषय मात्र घरात निघत नाही. त्यांना त्रास होईल म्हणून मी काढत नाही. त्या का काढत नाहीत, विचारलं नाही कधी.

८ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रम झाला. नेहमीसारखा. मोजते मी, वाचतो घोगरा, आमचा निवेदक. आवाज असा की घशात जुनं कपाट सरकवल्यासारखा, पण लोकांना तोच लागतो. सत्तावीस वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय, मध्ये काच. मतं पूर्वी पोस्टकार्डावर यायची. एका मुलीने कार्डाच्या चारी कडांना फुलं काढलेली असायची, तिचं मत नेहमी हरणाऱ्या गाण्याला. मग फोन आले, आता मेसेज. मोजायचं मात्र तेच. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत आलेलं मत धरायचं, नंतरचं नाही. आजही चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

घोगऱ्याला टिपणाचं सांगितलं. म्हणाला, "बाईसाहेब, यंत्राला माझा खोकला पण शिकवा. नाहीतर लोकांना चुकचुकल्यासारखं होईल."

हसले. मग जिना उतरताना गुडघ्याने आठवण दिली की हसायचं वय गेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मजा येतेय खरं तर! कंटाळा आहे, पाठ दुखतेय, तरी मजा येतेय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेक्याची गाणी. एकही वर्ष चुकलेलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मैत्रीची, ताटातुटीची. परीक्षांच्या महिन्यात मतं निम्म्यावर येतात, मग जुनीच गाणी वर ठाण मांडून बसतात, कुणी हलवायला नाही म्हणून. आणि निकालाचा आठवडा आला की आईबापांवरची गाणी! नापास झालेली पोरं पाठवत असणार, घरी ऐकू जावं म्हणून.

आणि थंडी. थंडी माझी लाडकी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संथ गाणी दाराशी येतात, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्धी यादी त्यांचीच. दर वर्षी. पेपरातही आलं होतं एकदा. संथ गाणं असेल तर कंपन्या आता थंडीची वाट बघून मगच बाजारात आणतात. साहेबांनाही थंडीचंच टिपण सगळ्यात जास्त हवंय.

वन्संना वाचून दाखवलं. सुरी थांबली त्यांची. म्हणाल्या, "मी कधी बोलले नाही तुला. थंडी आली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. मग शनिवारी रेडिओ लावायचा. एकामागून एक तसलीच गाणी. वाटायचं, चला, सगळं गाव आपल्याबरोबर बसलंय. आपण एकट्या नाही. त्याच्यावर काढलेत गं मी हे सगळे हिवाळे."

आणि परत चिरायला लागल्या. डिसेंबरच्या चार तारखेला हे गेले. तेवढं म्हणायचं दोघींनीही टाळलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुठेतरी गफलत आहे. चष्मा पुसून उद्या परत बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

गफलत नाही. लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

वरच्या दहा-बारा गाण्यांना शेकड्यांनी मतं पडतात. तिथे प्रश्न नसतो. तळाला मात्र मोजकी असतात. बावीस-बावीस, एकोणीस-एकोणीस. विसाव्या जागेसाठी जवळजवळ दर आठवड्याला दोन गाण्यांची बरोबरी. एक घ्यायचं, एक सोडायचं. जुन्या साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "बरोबरी झाली तर तू ठरव. कान आहे तुला." बास, एवढाच नियम. कुठे लिहिलेला नाही. मी ठरवायची आणि कागदावर, कार्डावर लाल पेन्सिलीने बरोबरीची खूण करायची.

पण विसावी जागा म्हणजे दार आहे! आत आलेलं गाणं रोज दोनदा वाजतं. वाजलं की कानात बसतं, कानात बसलं की मतं मिळतात. पुढच्या आठवड्यात ते पंधरावं, मग नववं. बाहेर राहिलेलं गाणं कुणी ऐकतच नाही. ते तिथेच मरतं.

उन्हाळ्याची गाणी ढळढळीत मतांनी आलेली आहेत, लाल खूण क्वचित. शाळेची तशीच. निकालाची तशीच. आणि थंडीतल्या संथ गाण्यांची कार्डं काढली, तर जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या आठवड्यावर लाल खूण. प्रत्येकाच्या!

त्यांना लोकांनी आत नाही आणलं. दार मी उघडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांना सहज म्हटलं, थंडीचं जरा तपासून बघते. म्हणाले, "काय तपासायचंय मॅडम? बाकीच्या दहा केंद्रांच्या याद्यांतही तोच कल आहे. मी स्वतः बघितलाय."

देवा! किती हलकं वाटलं म्हणून सांगू. दहा केंद्रं एकदम चुकतील का? जिना उतरताना गुडघाही दुखला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पलीकडचीला फोन केला. ती शेजारच्या केंद्रावर यादी करायची, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाली. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, पण फोनवर पोरं-सुना-दुखणी सगळं झालंय. विचारलं, तुमच्याकडे थंडीत संथ गाणी चढायची, ती मतांनीच ना?

हसायलाच लागली. "मतं? अगं, आमच्याकडे मोजायला होतं कोण! शनिवारी तुझी यादी ऐकायची, दोन गाणी वर, दोन खाली, की झाली आमची रविवारची यादी. साहेब खूश, लोक खूश."

"आणि तुमच्या पुढचं केंद्र?"

"ते आमची ऐकायचे! तू रागावलीस का गं? तुझ्यावर विश्वास होता म्हणून तर."

नाही रागावले. रागवायलाही अंगात काही लागतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. ताप नाही. नुसतं पडून राहिले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस मनाची समजूत घालत होते, की मी हवा बघून ठरवायची. खिडकीबाहेर धुकं, लोक कानटोप्या घालून चाललेले, अशात ठेक्याचं गाणं कोण ऐकेल? म्हणजे कान माझा, पण थंडी तर सगळ्यांची होती. हे टिपणात शोभलंही असतं.

म्हणून आज सगळ्यात जुनी खोकी काढली. पहिले नऊ हिवाळे. धुकं तेव्हाही होतं, कानटोप्याही होत्या. थंडीतल्या बरोबऱ्या एकोणसाठ. संथ गाणी घेतली अठ्ठावीस, ठेक्याची एकतीस. कल वगैरे काही नाही! एका डिसेंबरात तर ओळीने पाच नाचरी गाणी घेतलीयत मी.

मग दहावा हिवाळा. डिसेंबरचा पहिला शनिवार. त्या आठवड्यात मी दोन दिवसांचीच रजा घेतली होती. घरात बसवेना म्हणून कामावर गेले होते. कागदावर समास वाकडा आहे.

तिथून पुढे गेल्या वर्षीपर्यंत बावीस हिवाळे. बरोबऱ्या एकशे एकतीस. संथ गाणी – एकशे सत्तावीस.

मी कुणाला फसवायला नाही केलं. मला माहीतच नव्हतं. पण अकरा गावांनी बावीस थंड्या माझं सुतक पाळलं, आणि पेपरवाल्यांनी त्याला हवामान म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी झाल्यावर घोगऱ्याला काचेच्या अलीकडे बोलावलं. सगळं सांगितलं. तो शांतपणे चहात बिस्किट बुडवत होता.

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वाचायचो मी बाईसाहेब. त्या वर्षी सात शनिवार तुम्ही माझ्याकडून नुसती रडकी गाणी वाचून घेतलीत. आधी वाटलं, हिला विचारावं. मग म्हटलं, असू दे. तेवढंच आपल्या हातात आहे." बिस्किट तुटून चहात पडलं. "पुढच्या वर्षी वाटलं, आता थांबेल. नंतर मी वाट बघायचं सोडून दिलं."

सत्तावीस वर्षं समोर बसलेला माणूस! मला वाटायचं, काचेपलीकडून त्याला फक्त गाण्यांचे नंबर दिसतात.

म्हटलं, खरं लिहिलं तर कार्यक्रम जाईल. तुमचाही. म्हणाला, "माझा घसा तुमचे उपकार मानेल." मग कप खाली ठेवून, "पण लिहायचं की नाही ते माझ्याकडे बघून ठरवू नका. विसावी जागा तुमची."

२३ नोव्हेंबर, रविवार

सही करायला काय लागतं? एक ओळ. थंडीत श्रोत्यांना संथ गाणी आवडतात. जग बुडणार नाही. आता तर कंपन्याही गाणी तशीच आणतात, म्हणजे हळूहळू ते खरंही झालं असेल! मी शिकवलं आणि ती शिकली. तरी सही करायची आहे ती "श्रोत्यांचा कल" याखाली. आणि यंत्र म्हणजे काही जुने साहेब नव्हेत, की उद्या बदली होऊन जातील. ते माझा डिसेंबर धरून बसेल, मी नसले तरी.

साहेबांना सांगणं जड नाही. कार्यक्रम गेला तर जाईल. दोन वर्षं आधी घरी बसेन, गुडघा तरी सुटेल.

जड आहे ते वन्संचं. सगळं गाव आपल्याबरोबर बसलंय, म्हणाल्या होत्या. त्यावर त्यांनी हिवाळे काढलेत. आता मी जाऊन सांगू, की वन्सं, गाव नव्हतं? कुणीच नव्हतं?

न सांगता चालेल. त्यांना कोण सांगणार आहे? पण थंडी दाराशी आलीय. शनिवारी त्या रेडिओ लावतील, खुर्ची पुढे ओढतील, आणि मी स्टुडिओत बसून त्यांना ते गाव दाखवत राहायचं. आता जमेल मला ते?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिलं. साडेतीन पानं. उन्हाळा, शाळा, परीक्षा, निकाल – हे कल मतांतून आलेले आहेत. थंडीचा नाही. थंडीतली गाणी बरोबरीतून आली, बरोबरी मी सोडवली, आणि गेली बावीस वर्षं ती एकाच बाजूने सोडवली गेली. इतर केंद्रांचा आधार घेऊ नये, त्यांनी आमची यादी ऐकून त्यांची केली. कारण काय, या मथळ्याखाली आधी समास आखला. मग लिहिलं, "निवडणाऱ्या व्यक्तीच्या घरी या दिवसांत मृत्यू झाला होता."

सही केली. हात दाखवून अवलक्षण!

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी माझ्यासमोरच वाचलं. शेवटच्या पानावर थांबले. वाईट माणूस नाही. पाणी मागवलं माझ्यासाठी.

"मॅडम, हे मी वर कसं पाठवू? यंत्राला असली कारणं चालत नाहीत. शेवटचं पान काढू या का? नुसते आकडे देऊ."

म्हटलं, "पान काढलंत तर सहीही काढा. सही त्याच पानावर आहे."

त्यांनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. शेवटी म्हणाले, "मग थंडीच काढावी लागेल. आणि थंडी नसेल तर वरच्यांना या टिपणात काय राहिलं?" त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. शेवटचा कार्यक्रम डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी.

थँक यू म्हटलं. या वेळी सवयीने नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रम संपवून घरी आले. विसाव्या जागेला बरोबरी होती, तेवीस-तेवीस. चिठ्ठ्या टाकल्या. घोगऱ्याने उचलली. ठेक्याचं निघालं.

वन्संचा रेडिओ अजून गरम होता. "आज शेवटी ते काय लावलंस गं धांगडधिंगा? तुझी थंडी अजून आली नाही वाटतं."

तिथेच, चपला पायात असताना, सांगून टाकलं. बरोबरी, दार, लाल खूण, बावीस हिवाळे. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "वन्सं, गाव नव्हतं ते. मला माहीत नव्हतं, शपथ, पण गाव कधीच नव्हतं. मीच लावत होते."

वन्सं उठल्या, रेडिओची वायर काढून गुंडाळली आणि खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवल्या. बोलल्या नाहीत. काढून घेतलं मी त्यांचं. सत्तरीत बाईकडे असतं काय दुसरं?

१ डिसेंबर, सोमवार

आजही नाही. मीठ मागितलं, तेही हाताने.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी वन्सं माझ्या दारात, हातात दोन कप. तीन दिवसांतला पहिला शब्द – "गावाला कुठे माहीत होता तो!"

मला कळेचना. मग कॉटवर माझ्या शेजारी टेकल्या. "एवढी वर्षं मी गावाचे आभार मानत होते, वेड्यासारखी. आणि माझ्याबरोबर बसलेली तू इथे पलीकडच्या खोलीत." कप माझ्या हातात दिला. "भाऊ माझा, पण शिट्टी किती बेसूर वाजवायचा गं तो! तुला माहितेय, मीच शिकवली होती. माझीच चुकीची होती."

ऑफिसला गेले नाही. कळवलंही नाही. त्या अजून बोलतायत.